रुग्णाशी नातं

विमानतळावरची पिवळी रेघ ओलांडली आणि माझी बायको माझी आतेबहीण झाली.

रांगेत आम्ही दोघी बरोबरच उभ्या होतो. काउंटरमागच्या अधिकाऱ्यानं आमचे पासपोर्ट एकावर एक ठेवले आणि मला विचारलं, "सोबत कोण?"

"बायको," मी म्हणाले.

त्यानं कीबोर्डकडे पाहिलं. मीही वाकून पाहिलं. नात्यांच्या कळा वरच्या ओळीत होत्या. आई, वडील, नवरा, मुलगा, सख्खी, चुलत, आते, मामे, मावस. मी सांगितलेल्या शब्दाची कळ तिथे नव्हती.

"लग्न कुठे झालं?"

"हॅलिफॅक्सला. कॅनडात. नऊ वर्षं झाली."

"ते तिथे," तो म्हणाला. त्याच्या आवाजात कसलाही आकस नव्हता. "इथे कोण?"

मी वाद घालायला तोंड उघडलं होतं. पण प्रमिला मध्ये पडली. "लिहा हो काहीही. बावीस तास झालेत, माझे पाय सुजलेत." त्यानं 'आते' ही कळ दाबली. ती मधोमध होती, बोटाला सोपी होती. प्रमिलानं रेघ ओलांडली आणि तिच्या चेहऱ्यावर माझ्या देवरुखच्या आत्याचं नाक आलं, मोठं आणि टोकाशी जरा डावीकडे वळलेलं.

टॅक्सीत बसल्यावर तिनं आरशात पाहिलं. मग म्हणाली, "तू सातवीत असताना मला आत्याच्या विहिरीत ढकललं होतंस."

"तेव्हा आपली ओळखच नव्हती."

"माहीत आहे. तरी आठवलं. पाणी फार गार होतं."

मी तिचा हात धरला. टॅक्सीवाल्यानं आरशातून पाहिलं आणि म्हणाला, "बहिणी-बहिणी दिसता. नाक अगदी सारखं आहे." माझं नाक तसं नाही. पण मी काही बोलले नाही, आणि त्या गप्प बसण्याचा मला आजही राग येतो. 'आधी घरी तर पोचू' असा विचार आम्ही दोघींनी केला. आमच्यासारखी माणसं नेहमी हाच विचार करतात.

प्रमिला मगदूम मूळची जयसिंगपूरची. हॅलिफॅक्सच्या एका वृद्धाश्रमात ती पंधरा वर्षं नर्स होती. मी त्याच गावातल्या ग्रंथालयात फाटलेली पुस्तकं बांधायचे. परत यायचं तिनंच ठरवलं. मिरजेच्या एका नर्सिंग कॉलेजात तिला शिकवायची नोकरी मिळाली होती, आणि तिला तिच्या भागातलं बोलणं ऐकायचं होतं. तिचे आईवडील गेलेले. धाकटा भाऊ सुकुमार जयसिंगपुरात पिठाची गिरणी चालवतो. मिरजेहून अर्ध्या तासाची वाट. पण तिनं माझ्याबद्दल सांगितलं त्या दिवशी, म्हणजे बारा वर्षांपूर्वी, त्यानं तिच्या नावानं आंघोळ केली होती. माणूस मेलं की करतात तशी.

मिरजेत आम्ही तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. सोसायटीचे सेक्रेटरी भोकरे जिन्याखालच्या खोलीत रजिस्टर घेऊन बसायचे. ते पहिल्याच दिवशी वर आले. मी लिफाफ्यातून लग्नाचा दाखला काढला. त्याच्यावर तिकडच्या सरकारचा शिक्का होता, आपल्या वकिलातीचा होता, आणखी एका खात्याचा होता. ते शिक्के मिळवायला मला चार महिने लागले होते.

भोकऱ्यांनी कागद खिडकीशी नेऊन उजेडात धरला.

"शिक्के खरे आहेत," ते म्हणाले. "पण ते कशावर मारलेत ते दिसत नाही."

मी कागद घेतला. तिन्ही शिक्के गोल आणि ठसठशीत होते. आमची नावं, तारीख, दोन साक्षीदारांच्या सह्या, काहीच नव्हतं. कागद पांढरा होता.

"विमानात होतं," मी म्हणाले.

"विमानात असेल."

त्यांनी घरभर नजर फिरवली. मी टेबलाशी कागद घेऊन उभी होते. प्रमिला पदर खोचून कोपऱ्यातली जळमटं काढत होती. ती माझ्यापेक्षा सावळी आहे. भोकऱ्यांनी रजिस्टर मांडीवर घेतलं आणि नात्याच्या रकान्यात लिहिलं, घरकामाची बाई.

दुसऱ्या दिवशी मी उठले तर प्रमिला मोरीत बसून भांडी घासत होती. ती रात्रीच घासून झालेली होती. मी तिला उठवून टेबलाशी आणलं. खुर्चीत बसायला गेली की तिचे गुडघे वाकायचेच नाहीत. जमिनीवर मात्र ती सहज बसली. तिचा चहा खिडकीच्या कठड्यावर होता, कान तुटलेल्या एका कपात. असला कप आमच्या घरात नव्हता.

"हा कुठून आला?"

"माझा आहे," ती म्हणाली. मग तिला आपण काय बोललो ते कळलं आणि तिनं तो कप भिंतीवर फेकला. दुपारी तो परत कठड्यावर होता, कान तसाच तुटलेला.

मी कामाच्या बायांना कमी लेखत नाही. माझी आई दुसऱ्यांच्या घरी पोळ्या करायची. पण आईला संध्याकाळी स्वतःच्या घरी येऊन खुर्चीत बसता येत होतं.

तिसऱ्या दिवशी प्रमिला मला 'ताई' म्हणाली. मी तशीच खाली गेले.

"ते खोडा," मी भोकऱ्यांना म्हणाले.

"खोडाखोड चालत नाही. बदल करता येतो."

"मग बायको लिहा."

"तशी नोंद होत नाही."

"का?"

"रजिस्टर छापील आहे." त्यांनी ते माझ्यापुढे सरकवलं. खरोखरच छापील होतं. "ताई, माझं वैयक्तिक काही नाही. तुमचं तुम्ही काय ते घरात. पण रकान्यात काहीतरी बसलं पाहिजे ना. पाहुणी लिहू?"

मी दाढा इतक्या आवळल्या होत्या की डावीकडची एक हलायला लागली. मी म्हणाले, "लिहा."

"पाहुणीला पंधरा दिवस," ते लिहिता लिहिता म्हणाले.

मी वर आले तेव्हा प्रमिला खुर्चीत बसलेली होती. आम्ही दोघी हसलो. तो कप गेला होता. पण मग तिला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडता येईना. पाय उचलला की कुणीतरी धक्का दिल्यासारखी ती मागे यायची, आणि तिच्या तोंडून आपोआप निघायचं, "राहू दे, उगाच त्रास नको." मी केलेली आमटी ती पुरवून पुरवून खायची आणि बरी झालीय असं म्हणायची. प्रमिलानं माझ्या आमटीला बरं म्हटल्याचं मला आधी कधी आठवत नाही.

आणि संध्याकाळी तिची बॅग भरायची. कपाटातल्या तिच्या साड्या घडी होऊन बॅगेत जायच्या. ब्रश, चष्म्याचं घर, शिकवायच्या वह्या. आम्ही बघत असताना ते होत नसे. पाणी प्यायला वळलो की झालेलं असायचं. रोज सकाळी मी सगळं बाहेर काढून परत लावायचे. दहाव्या दिवशी मी बॅगेला सुतळी गुंडाळून गाठी मारल्या. संध्याकाळी बॅग भरलेली होती आणि सुतळीचा गुंडा नीट आत ठेवलेला होता.

पंधराव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला दार आपोआप उघडलं आणि घराची फरशी जिन्याच्या बाजूला कलली. टेबल, खुर्च्या, मी, सगळं होतं तिथंच राहिलं. फक्त प्रमिला आणि तिची बॅग घसरू लागली. मी एका हातानं खिडकीचा गज धरला आणि दुसऱ्या हातानं तिचं मनगट.

"सोडू नकोस," ती म्हणाली. "पण हिसका पण देऊ नकोस, खांदा निखळेल."

मी सोडलं नाही. माझ्या हाताला घाम आला होता. तिचं मनगट माझ्या मुठीतून आधी हळूहळू आणि मग एकदम गेलं. ती दीड जिना खाली गेली आणि कठड्याच्या लोखंडी टोकावर पोटावर आपटली.

मी खाली धावले. ती भिंतीला टेकून बसली होती, चेहरा पांढराफटक, आणि दोन बोटं डाव्या बरगडीखाली दाबून बघत होती. "प्लीहा फुटलीय बहुतेक," ती म्हणाली. "रिक्षा बोलाव. आणि उज्ज्वला, पेनिसिलिन नको म्हणून सांग. विसरू नकोस."

जिन्याखाली भोकरे रजिस्टरात लिहीत होते. त्यांनी लिहिलं, गेल्या.

इस्पितळात तिला ट्रॉलीवर घेतलं आणि आत नेलं. काउंटरवरच्या बाईनं मला फॉर्म दिला. चाळिशीची, डोळ्यांखाली काळं आलेली बाई होती. प्रमिलाचं नाव, वय, पत्ता मी भरला. 'रुग्णाशी नातं' असं छापलं होतं तिथे मी 'पत्नी' लिहिलं. शाई कागदावरून मागे सरकली आणि पेनात परत गेली. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा गेली. मी पर्समधलं माझं पेन काढलं.

"ताई, पेन बदलून काही होत नाही," ती बाई म्हणाली. "बघितलंय मी."

"तिला ऑपरेशन लागणार आहे."

"सही लागेल. नातेवाइकाची."

"मी आहे."

"कोण?"

मी सांगितलं. तिनं मान हलवली, ऐकलं आणि कळलं अशी. मग म्हणाली, "माझ्या हातात असतं ना, तर... सकाळपासून तुम्ही तिसऱ्या आहात."

मी सरळ आत निघाले. ऑपरेशनचा विभाग कॉरिडॉरच्या टोकाला होता, दारावरचा विझलेला लाल दिवा दिसत होता. माझ्यापुढून एक म्हातारा गेला, त्याची मुलगी आत होती. तो चार पावलांत दारापाशी पोचला. त्याच्यामागून कुणाचा तरी मेहुणा गेला, त्याला चाळीसेक पावलं लागली. मी चालू लागले. मी चालले तसा कॉरिडॉर लांबत गेला. ट्यूबलाइटी मागे गेल्या, पाण्याचं पिंप मागे गेलं, 'थुंकू नये' अशी पाटी अकरा वेळा मागे गेली. अर्ध्या तासानं लाल दिवा होता तेवढाच लांब होता. मी वळले तर काउंटर माझ्या पाठीशीच होतं. बाहेर जायला मात्र मला अंतर नव्हतं.

"रक्ताचं कुणी नाही?" बाईनं विचारलं.

होतं. मला माहीत होतं आणि माझ्या तोंडातून ते नाव निघत नव्हतं. बारा वर्षांपूर्वी त्यानं मला फोन करून ज्या शिव्या दिल्या त्या मी प्रमिलालाही कधी सांगितल्या नाहीत. आतून एक डॉक्टर येऊन म्हणाला, "रक्तदाब उतरतोय, सहीचं काय?" ते तो हवेत म्हणाला. मी समोर उभी होते आणि त्याची नजर माझ्यातून पलीकडच्या कॅलेंडरवर गेली.

"सुकुमार मगदूम," मी म्हणाले. "भाऊ."

बाईनं टाइप केलं आणि सुकुमार काउंटरपाशी उभा होता. बनियन, पायजमा, भुवयांवर आणि पापण्यांवर पीठ. त्याच्या हातात ज्वारीचा डबा होता, त्यातली ज्वारी फरशीवर सांडत होती.

"मी गिरणीत हुतो," तो म्हणाला. "कुणी आणलं मला?"

"तुमची बहीण आत आहे," बाई म्हणाली. "सही करा."

"मला बहीण न्हाई." मग त्यानं मला पाहिलं. आम्ही कधी भेटलो नव्हतो, पण त्यानं ओळखलं. त्यानं डबा खाली ठेवला. "काय झालंय अक्काला?"

तो चार पावलांत दारापाशी गेला. मला तो बोटाएवढा दिसत होता. दारातल्या नर्सनं त्याला प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि तो गोंधळून मागे पाहू लागला. मी ओरडले, पेनिसिलिन देऊ नका. नर्सनं मान वर केली नाही. माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. सुकुमारला मात्र पोचत होता. तो त्यानं फोनवर ऐकलेला होता, आणि विसरलेला नव्हता.

"त्यांना सांग, पेनिसिलिन चालत नाही," मी ओरडले.

"पेनिशिलिन चालत न्हाई," तो म्हणाला. सगळ्यांनी लिहून घेतलं.

"रक्तगट बी निगेटिव्ह."

"रक्तगट बी निगेटिव्ह हाय."

"चार वर्षांपूर्वी पित्ताशय काढलंय. थायरॉइडची गोळी सकाळी घेतली. आज खाल्लेलं नाही, फक्त चहा."

तो माझी वाक्यं एकेक करून उचलत होता आणि आत टाकत होता, गिरणीत धान्य टाकावं तसा. मी घसा फाटेपर्यंत ओरडत होते. माझं बारा वर्षांचं सगळं जगणं त्याच्या तोंडून बाहेर येत होतं आणि त्याचं होत होतं. शेवटी नर्स शेजारणीला म्हणाली ते मला स्पष्ट ऐकू आलं. "बघ, सगळं पाठ आहे. सख्खा भाऊ तो सख्खाच."

त्यानं सही केली. लाल दिवा लागला. मी बाकावर बसले आणि हलणारी दाढ बोटांनी उपटून काढली. दुखलं नाही. ती मी रुमालात बांधून ठेवून दिली.

प्रमिला वाचली. हे मला सुकुमारनं सांगितलं.

वॉर्डात तिच्या खाटेला तक्ता लावायचा होता. सुकुमारला विचारलं, विवाहित की अविवाहित. तो माझ्याकडे बघायच्या आत नर्सनं 'अविवाहित'पुढे खूण केली होती. त्या वेळी मी कॉरिडॉरमध्ये चालत होते. वॉर्डाला बाहेरून काचेची खिडकी होती आणि तिथवर जायला मला बंदी नव्हती, फक्त चार तास लागायचे. मी पोचले तेव्हा प्रमिलाचे केस काळे झालेले होते. कानशिलांवरचे पांढरे, जे मी स्वतः मेंदीनं रंगवायचे, ते नव्हते. उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग होता, आमच्या तिकडच्या ओव्हनचा, तो नव्हता. पोटावर बँडेज होतं, पण पित्ताशयाची जुनी खूण दिसत नव्हती. नऊ वर्षं तिच्या अंगावरून काढून घेतलेली होती. चेहरा गोल, नाक तिचं स्वतःचं.

तिनं काचेतून मला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. तिनं काहीतरी विचारलं. सुकुमार दाराशी येऊन म्हणाला, "अक्का इचारतीया, बर्फ थांबला काय. म्हणतीया, उशीर व्हाया लागलाय, टाउन हॉल बंद करतील."

मला समजलं. आमच्या लग्नाच्या सकाळी बर्फ पडत होता. आम्ही पायऱ्यांवर फावड्यानं वाट केली होती. ती त्या सकाळी होती, आणि आम्हाला अजून निघायचं होतं.

"कसला टाउन हॉल?" सुकुमारनं विचारलं.

"लग्नाचा."

त्यानं पापण्यांवरचं पीठ पुसलं. तीन दिवस झाले तरी ते जात नव्हतं. "काय सांगू तिला?"

"थांबलाय म्हणून सांग."

तो आत गेला, खाटेशी उभा राहिला आणि म्हणाला, "थांबलाय, अक्का." ती उठून बसायला लागली. तिला टाके होते. त्यानं तिच्या खांद्यांना धरून तिला परत झोपवलं, आणि कितीतरी वेळ तसाच धरून उभा राहिला.

त्यानंतर सही लागली की इस्पितळ त्याला उचलून आणायचं. कधी गिरणीतून, कधी ताटावरून, बोटांना आमटी लागलेली. एकदा आंघोळीतून, ओल्या पंचावर. तो बाकावर माझ्याशेजारी येऊन बसायचा, अंगावरून पाणी निथळत. माझ्यापाशी यायला त्याला अंतर नव्हतं.

"तिला मऊभातासंगं काय आवडतं?" त्यानं एकदा विचारलं.

"लिंबाचं लोणचं. फोडी नको, नुसता खार."

"लहानपणी फोडी खायाची." थोड्या वेळानं म्हणाला, "मी तिच्या नावानं आंघोळ केली हुती."

"माहीत आहे."

"गार पाण्यानं. आईनं लई रडून घेतलं. मला वाटलं, हे करतात तर करावं." तो फरशीकडे बघत होता. "तुमास्नी काय म्हणायचं मी?"

"नाव आहे मला. उज्ज्वला शेट्ये."

मला त्याची दया आली नाही. त्याच्या हातात आख्खी प्रमिला होती. तिला पाणी द्यायचं की नाही, कोणत्या डॉक्टरला दाखवायचं, घरी कधी न्यायचं, सगळं. त्यानं काय केलं होतं त्यासाठी? तो तिच्यानंतर सहा वर्षांनी त्याच घरात जन्मला होता, एवढंच. मी तिला रोज सकाळी गोळी देत होते, तिच्या आईच्या मरणाची बातमी मी तिला सांगितली होती, तिचे पाय मी चेपले होते, आणि मी बाकावर होते. मी हे त्याला तोंडावर म्हणाले. त्यानं मान डोलावली. तेही मला आवडलं नाही.

आठव्या दिवशी तिला सोडायचं ठरलं. काउंटरवरच्या बाईनं सुकुमारपुढे शेवटचा फॉर्म ठेवला. 'रुग्ण कोणाच्या ताब्यात', आणि त्याखाली, 'नातं'.

त्यानं पेन घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. "काय लिहू?"

"मला काय विचारतोस? तुझं नाव लिही. तेच चालतं."

तो वाकला आणि शाळेतल्यासारखं एकेक अक्षर काढत त्यानं लिहिलं, उज्ज्वला शेट्ये. मग खाली लिहिलं, अक्काची बायको.

आम्ही तिघं शाईकडे बघत होतो. ती ओली चकाकत राहिली. मग वाळली. गेली नाही.

"राहिलं," बाई म्हणाली, अगदी हळू. तिनं बोट फिरवून पाहिलं. "रक्ताच्या माणसानं लिहिलंय ना. म्हणून राहिलं असेल." तिनं पटकन, कुणी येण्याआधी उरकावं तशी, ते टाइप केलं.

मी पहिलं पाऊल टाकलं. कॉरिडॉर हलला नाही. दुसरं टाकलं. पाण्याचं पिंप खरोखरच माझ्या मागे गेलं आणि मागेच राहिलं.

तेवढ्यात बाई म्हणाली, "थांबा."

काउंटरवरच्या मशीनमधून एक चिठ्ठी बाहेर आली होती. तिनं ती वाचून दाखवली. नोंदवलेलं नातं अस्तित्वात नाही. अस्तित्वात नसलेलं नातं नोंदवणारी व्यक्ती नातेवाईक म्हणून ग्राह्य धरता येत नाही.

"म्हंजे?" सुकुमारनं विचारलं.

"म्हणजे तुम्ही त्यांचे कुणी नाही," बाई म्हणाली.

तो हसला. मग दाराकडे निघाला, त्याच्या नेहमीच्या चार पावलांनी. चार झाली. आठ झाली. वीस झाली. 'थुंकू नये' त्याच्यापुढे आलं, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. तो पळायला लागला. दमून वळला तेव्हा तो माझ्या शेजारीच उभा होता, धापा टाकत. त्याच्या पापण्यांवर आता पीठ नव्हतं.

"ती माझी भन हाय," तो मला म्हणाला, जणू मीच अडवलं होतं.

"हो का," मी म्हणाले.

काउंटरवरची बाई पुढचा रकाना भरत होती. "मग आता यांचं कुणीच नाही," ती म्हणाली. "रिकामं सोडता येत नाही हो." तिनं एक कळ दाबली. ती कोणती हे मी विचारलं नाही. वॉर्डातल्या खाटेवरचा तक्ता उलटला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत आलं, बेवारस.

आम्ही दोघं चालू लागलो. मी पुढे, तो मागे, आणि आम्ही ओरडत होतो. मी म्हणत होते, ती माझी आहे. तो म्हणत होता, ती आमची आहे. ओपीडीतली माणसं आमच्या बाजूनं चार-चार पावलांत येत-जात होती, हातात डबे, थर्मास, आणि कुणी वळून पाहत नव्हतं. माझ्या तोंडात दाढेच्या जागी रक्त आलं होतं. ते मी गिळलं आणि आणखी मोठ्यानं ओरडले.

लांबवर खिडकीच्या काचेतून वॉर्ड दिसत होता, काडेपेटीएवढा. प्रमिला खाटेवर बसलेली होती. तिनं केस बांधले होते आणि निघायच्या तयारीत पाय खाली सोडले होते. पायाच्या अंगठ्याला कुणीतरी चिठ्ठी बांधली होती. तिनं ती तोडून टाकली. वॉर्डातल्या मावशी आल्या. त्या वयस्कर होत्या, इथे सगळे त्यांना मावशीच म्हणतात. त्यांनी दुसरी चिठ्ठी बांधली, प्रमिलाला हलकेच मागे झोपवलं, आणि पांढरी चादर पायांपासून वर आणत तिच्या तोंडावरून ओढली.

प्रमिलानं ती खाली ओढली.

मावशींनी पुन्हा वर ओढली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. प्रमिलाच्या चेहऱ्यावर होता, तो एवढ्या लांबूनही मला दिसला. ती काहीतरी बोलत होती, तिचे ओठ हलत होते. तिनं पुन्हा खाली ओढली. मावशींनी दुसऱ्या बाईला हाक मारली. दोघींनी मिळून वर ओढली. प्रमिलानं दोन्ही मुठींनी काठ धरला, पाय खाटेच्या गजाला लावले, आणि आता ती चादर त्यांच्यामध्ये ताणलेली आहे.